पंचवीस रुपयांपासून तीन लाखांपर्यंत



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांवर चार पाने लिहा, असे समितीच्या मंडळींनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी काही लेखक नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तीस वर्षे गिरणीच्या रिंगफ्रेम खात्यात तुटलेला धागा जोडत आलो. जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून, रात्रपाळीची झोप मोडून वाचले. पण मग वाटले की बाबासाहेबांवर लिहायला पदवी कशाला पाहिजे? ऋण असले की पुरे.

बाबासाहेबांचे महाड आपण दरवर्षी सांगतो. काळाराम मंदिर सांगतो, पुणे करार सांगतो, संविधान सांगतो, दीक्षाभूमी सांगतो. ते सांगायलाच पाहिजे. पण एक गोष्ट आपल्या भाषणांत कमी येते. आपली पोरे विज्ञानात जावीत, प्रयोगशाळेत जावीत, यासाठी त्या माणसाने सरकारशी भांडून पैसा आणला होता. मी त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगणार आहे. का सांगतो ते शेवटी कळेल.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ, आई भीमाबाई. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडिलांची नोकरी संपल्यावर कुटुंब साताऱ्याला आले. आई लवकर गेली. शाळेत वेगळे बसायचे, पाण्याला हात लावायचा नाही, कोणी वरून ओतले तर प्यायचे. हे सगळे आपल्याला पाठ आहे.

पण साताऱ्याची एक गोष्ट मला गिरणी कामगार म्हणून फार जवळची वाटते. पोरवयात त्यांच्या मनात आले होते की मुंबईला पळून जावे आणि गिरणीत कामाला लागावे. गाडीभाड्याला पैसे नव्हते. आत्या कमरेला पैशाची पिशवी बांधून झोपायची. ती काढायचा त्यांनी रात्रीमागून रात्री प्रयत्न केला. शेवटी पिशवी हाती आली तर तिच्यात निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? मग त्या पोराने ठरवले की आता मन लावून शिकायचे. ही हकिगत त्यांनीच पुढे सांगितली आहे. मी कधी कधी विचार करतो, त्या पिशवीत दोन रुपये निघाले असते तर? परळच्या कुठल्या तरी गिरणीत एक पोरगा बदली कामगार म्हणून लागला असता आणि आपला इतिहास तिथेच थांबला असता. हुशारी तीच, माणूस तोच. एवढ्याशा गोष्टीवर माणसाचे आयुष्य इकडचे तिकडे होते.

पुढे कुटुंब मुंबईला आले ते गिरणगावातच, परळच्या डबक चाळीत. एक खोली, त्यात माणसे, चूल, सरपण, सगळे. वडील मध्यरात्रीनंतर दोन वाजता उठवायचे, कारण तेवढ्याच वेळी घरात शांतता असायची. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्याला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. इथे एक विचार करा. मुलाला काय शिकायचे हे मुलाने ठरवले नाही. वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्यांनी ते ठरवले. आजही कोणत्या विषयाचा दरवाजा कोणाला उघडा, कोणाला अर्धा लोटलेला, हे पाहायला पाहिजे.

आता मदत करणाऱ्या माणसांविषयी सांगतो, कारण माझ्या लेखाचा गाभा तोच आहे. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर हे शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला पुस्तके दिली. मॅट्रिकच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. इंटर झाल्यावर घरचा पैसा संपला, तेव्हा त्यांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचवली. महाराजांनी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. कॉलेजात प्रा. मुल्लर होते. ते पुस्तके द्यायचे आणि कपडेही द्यायचे. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले. लगेच फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले.

त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवले. तीन वर्षे, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायचा करार होता. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, मिळेल तो वर्ग त्यांनी केला. १९१५ मध्ये एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात भारतातील जातींवर त्यांनी निबंध वाचला. त्या वेळी वय २५. जातीविषयी आजपर्यंत दुसऱ्यांनी लिहिले होते. आता जात भोगलेला माणूस जातीचा अभ्यास करत होता. पोट कापून त्यांनी जुनी पुस्तके घेतली, सुमारे दोन हजार.

मग लंडन. प्रा. सेलिग्मन यांनी तिकडच्या प्राध्यापकांना चिठ्ठी दिली. अभ्यास रंगात आला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अर्धे काम टाकून परतावे लागले. सामानाचे जहाज युद्धात बुडाले, त्यात पुस्तके गेली. करारप्रमाणे ते बडोद्याला हजर झाले तर तिथे शिपाई फायली लांबून फेकायचे, कचेरीत पाणी मिळत नव्हते, राहायला घर नव्हते. पारशी वसतिगृहातून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढले. कोलंबियाचा एम. ए. झालेला माणूस झाडाखाली बसून रडला. यातून मी एक शिकलो. नुसती शिष्यवृत्ती देऊन भागत नाही. पोरगा शिकून जिथे जाईल तिथे त्याला टेबल, पाणी आणि छप्पर मिळते की नाही, तेही पाहावे लागते. आज आपली पोरे मोठमोठ्या संस्थांत प्रवेश घेतात आणि काही अर्ध्यातून परत येतात. तेव्हा आपण म्हणतो, पोट्ट्याले झेपले नाही. झेपले नाही की बसू दिले नाही, हे कोणी विचारते का?

पण बाबासाहेबांनी अर्धे काम अर्धे ठेवले नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ग्रंथालय उघडताना आत जायचे, बंद होताना बाहेर यायचे, पोटाला जेमतेम. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२३ मध्ये डी. एस्सी., शिवाय बॅरिस्टर. कोलंबियाची पीएच. डी. १९२७ मध्ये हाती आली.

इकडे घरी रमाई होत्या. त्यांच्या कष्टाचे वर्णन मी काय करू? पाच लेकरांतली चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी १९२६ मध्ये राजरत्न. एकटे यशवंत जगले. २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या. जगातल्या मोठ्या ग्रंथालयांत बसलेल्या माणसाची लेकरे परळच्या चाळीत आजारपणाने जात होती. दारिद्र्य आणि आजार हे दोघे सख्खे भाऊ आहेत, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

सार्वजनिक काम सुरू झाले तेव्हा सुरुवात शिक्षणापासूनच झाली. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. १९२७ ला महाड. १९२८ च्या गिरणी संपात त्यांनी एक प्रश्न लावून धरला. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला, पण तिथे आपल्या लोकांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. आम्ही रिंगफ्रेमवाले. आमच्या आज्या-पणज्यांना याच खात्यात का ढकलले, ते मला हे वाचल्यावर कळले.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. आपल्या वर्ध्यापासून दोन तासांची वाट. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. चार वर्षांत त्यांनी कामगारांसाठी जे केले ते आम्ही आजही भोगतो. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ च्या कायद्याने आली. कामगार विम्याची पायाभरणी त्यांच्याच काळात प्रा. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने झाली आणि १९४८ ला कायदा झाला.

आता मुख्य गोष्ट. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात शिक्षणाचा भाग आहे. तो मी दोनतीनदा वाचला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला हा माणूस सरकारला सांगतो की नुसत्या कला शाखेच्या आणि कायद्याच्या शिक्षणाने आमच्या लोकांचे फारसे भले होणार नाही. भले होईल ते विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाने. पण ते महाग आहे, आमच्या आईबापांच्या आवाक्यापलीकडे आहे, म्हणून तो भार सरकारने उचलावा. अलीगढ आणि बनारस या दोन विद्यापीठांना सरकार वर्षाला तीन तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांसाठी का नाही, असा त्यांचा रोख होता. मागणी स्पष्ट आकड्यांत होती. देशातल्या विद्यापीठांत आणि तांत्रिक संस्थांत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी वर्षाला दोन लाख, आणि परदेशात विज्ञान शिकायला पाठवण्यासाठी वर्षाला एक लाख. एकूण तीन लाख. रेल्वेचे कारखाने आणि सरकारी छापखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, हेही त्यात होते.

व्हाइसरॉयच्या भेटीची एक हकिगत सांगतात. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की मी एकटा पाचशे पदवीधरांच्या बरोबरीचा आहे की नाही. व्हाइसरॉयने मान्य केले. मग बाबासाहेब म्हणाले की मला कारकून नको आहेत, उंच जागेवर बसून समाजावर लक्ष ठेवतील अशी माणसे पाहिजेत. पैसा मंजूर झाला. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि काही विद्यार्थी परदेशीही गेले. आज आपल्या पोरांच्या बँक खात्यात जी शिष्यवृत्ती उशिरा का होईना पडते, तिचे मूळ तिथे आहे. परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून वेगळी सुरू झाली, ती आजही आहे.

एका विद्यार्थ्याला मिळालेले महिना २५ रुपये त्याने तीस-पस्तीस वर्षांनी वर्षाला तीन लाख करून हजारो विद्यार्थ्यांना परत केले. कर्ज फेडावे तर असे फेडावे.

पैसा आणून ते थांबले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, कला आणि विज्ञान दोन्ही शाखांचे. आरंभी इमारत नव्हती, लष्कराच्या जुन्या बराकी होत्या. वर्ग भरायचे सकाळी. कारण दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांनाही शिकता यावे. हा एक निर्णय मला मोठ्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो. कामगाराच्या घड्याळाप्रमाणे कॉलेजचे घड्याळ लावणारा माणूस! गिरणीचा भोंगा ज्याने लहानपणापासून ऐकला, त्यालाच हे सुचू शकते.

मग १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेही कला आणि विज्ञानाचे. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. नाव नीट पाहा. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याने भन्ते नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारले आणि उत्तर पटेपर्यंत सोडले नाही. बाबासाहेबांनी कॉलेजला उत्तर देणाऱ्याचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचे दिले. संशोधन म्हणजे दुसरे काय असते? खेड्यातून आलेल्या, कधी कोणाला उलटून न विचारलेल्या पोरांच्या कॉलेजवर ते नाव कोरले गेले.

स्वतः बाबासाहेब शेवटपर्यंत संशोधक राहिले. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारे त्यांचे पुस्तक आले. त्यात त्यांनी नाकाच्या, डोक्याच्या मापांचे शास्त्रज्ञांनी गोळा केलेले आकडे घेतले आणि दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. मापे दुसऱ्यांनी आमच्या डोक्याची घेतली होती. त्या मापांना प्रश्न विचारणारा आमच्यातून निघाला तेव्हा त्यांचा अर्थ कळला.

शेवटची वर्षे आजारपणाची होती. मधुमेह होता, पाय दुखायचे, चालवत नव्हते. १९४८ मध्ये ज्यांच्याशी विवाह झाला त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला त्यांनी शिकलेल्या लोकांविषयीचे दुःख उघड बोलून दाखवले. शिकले ते पोटापुरते पाहू लागले, समाजाकडे वळून पाहत नाहीत, ही त्यांची खंत होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. माझी आजी वर्ध्याहून गाडीने गेली होती, पांढरे लुगडे उसने घेऊन. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. पासष्ट वर्षांचे आयुष्य.

आता मी हे सगळे का सांगितले ते सांगतो.

माझा एक धाकटा भाऊ होता. लहानपणी त्याचे हातपाय सुजायचे, हाडे ठणकायची, रात्र रात्र रडायचा. कोणी संधिवात म्हणे, कोणी बाहेरची बाधा. अकराव्या वर्षी गेला. वीस वर्षांनी बहिणीच्या मुलीला तसाच त्रास सुरू झाला, रक्त तपासले आणि नाव कळले, सिकलसेल. मग घरच्या सगळ्यांचे रक्त तपासले. मी वाहक निघालो.

हा आजार विदर्भात आपल्या समाजात आहे, गोंड, परधान आणि इतर आदिवासी समाजांत आहे, काही इतर मागास जातींतही आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एकच घटक बदललेला असतो. शरीरात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा येतात. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रोगी मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक निरोगी मुलाची. म्हणून लग्नाआधी पत्रिका पाहण्यापेक्षा रक्त पाहा, हे मी प्रत्येक पौर्णिमेला विहारात सांगतो.

या आजाराचा इतिहास वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. जगात पहिल्यांदा तो नोंदवला गेला १९१० मध्ये, अमेरिकेतल्या शिकागो शहरात. रोगी होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक काळा विद्यार्थी. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रक्त होते, आणि भिंगाला डोळा लावून बसलेले डॉक्टर गोरे होते. त्यानंतर तीनच वर्षांनी आपला भीमराव न्यूयॉर्कला उतरला. भारतात १९५२ मध्ये नीलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत हा आजार सापडला. १९५८ मध्ये, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी, डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी नागपूरकडच्या लोकांत तो असल्याचे लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले. त्या डॉक्टरांचे आपल्यावर उपकारच आहेत. पण भिंगाखाली आपण आणि भिंगावर दुसरे, ही मांडणी किती वर्षे चालायची?

गिरणीतही तेच. सुटीनंतर कामावर परतलो की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. कापसाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा तो रोग आहे, बिसिनोसिस म्हणतात. आम्ही त्याला नुसते धाप म्हणत आलो. कोणत्या खात्यात धूळ जास्त, कोण किती वर्षांनी खोकायला लागतो, हे आम्हाला तोंडपाठ आहे. पण ते शास्त्राच्या भाषेत मांडणारा आमच्या चाळीतून कोणी गेला नाही. ज्याच्या घरात दुखणे आहे, त्याला कोणता प्रश्न विचारायचा ते आधी कळते.

आपल्या वस्तीत एक मुलगी आहे. नाव देत नाही, तिला आवडणार नाही. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भाऊ सिकलसेलचा रुग्ण. तपासणी शिबिरात ती नोंदी ठेवते. एकदा तिने मला विचारले की काका, एकाच घरातल्या दोन रुग्णांपैकी एकाला महिन्याला कळा येतात आणि दुसऱ्याला वर्षातून एकदाच, असे काहून? मी म्हटले, मले काय माहीत बाई. तिने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की यावर अजून संशोधन चालू आहे, पूर्ण उत्तर कोणापाशी नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. घरचे म्हणतात पोलीस भरतीचा फॉर्म भर, नाही तर नर्सिंग कर, लवकर पगार सुरू होईल. त्यांचे चूक नाही. बाप रोजंदारीवर आहे. एम. एस्सी. दोन वर्षे, पुढे पीएच. डी. पाच वर्षे. तितके दिवस चूल कोण पेटवणार?

वाटा नाहीत असे नाही. पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायला देणारी विज्ञान अकादमींची योजना आहे. नेट परीक्षेतून संशोधनाची फेलोशिप मिळते. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय फेलोशिप २००५ पासून आहे. पुण्याची बार्टी संस्था आहे. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्या विहारापासून सायकलने जाता येते. चंद्रपूरला सिकलसेलसारख्या रक्तविकारांच्या संशोधनाचे केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. दारे आहेत. पण दारापर्यंत जायला गाडीभाडे लागते, फॉर्मचे पैसे लागतात, इंग्रजीत अर्ज कसा लिहायचा ते सांगणारा माणूस लागतो, आणि आईबापाला समजावणारा केळुस्कर लागतो. केळुस्कर गुरुजी काही श्रीमंत नव्हते. त्यांनी एक पोरगा ओळखला आणि त्याच्यासाठी दुसऱ्याच्या दारी शब्द टाकला. एवढेच केले, आणि केवढे झाले!

वर्धापनदिनानिमित्त जमलेल्या देणगीतून विहारासमोर मोठी कमान बांधायची, असे समितीच्या बैठकीत ठरत आले आहे. खोटे कशाला सांगू, कमानीची सूचना पहिल्यांदा मीच मांडली होती. आता मी ती मागे घेतो. कमान साधी करू, लोखंडी करू, पुढच्या वर्षी करू. त्या पैशातून विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी एक निधी उघडू. जातीची, पोटजातीची अट नको. वस्तीतले गोंड, परधान, तेली, कुणबी, मुसलमान, ज्याच्या घरी अडचण त्याला मिळावा. हिशोब दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर लिहावा. माझ्याकडून पहिल्या वर्षी दरमहा ५०० रुपये. मी भाषण करून हात झटकणार नाही, पावती फाडून मोकळा होईन.

काही मंडळी नाराज आहेत. कमान डोळ्यांना दिसते, निधी दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. खरे आहे. सयाजीरावांचे २५ रुपये तरी १९१० च्या सुमारास कोणाला दिसले होते?

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर बैठक आहे. त्या मुलीचे आईवडीलही येणार आहेत, मी त्यांना बोलावले आहे. स्मरणिका हाती पडली असेल त्यांनी जरूर यावे, आणि येताना मत ठरवून यावे.

जय भीम.